पागडी आणि मस्का

जुनं हॉटेल बंद होणार अशी बातमी आली की मुंबईकराला भूक लागते. एरवी वर्षानुवर्षं त्याच दारावरून गाडी पकडायला धावणारा माणूस त्या दिवशी सहकुटुंब हजर होतो, रांग लावतो, मावा केक संपल्याचं कळल्यावर हळहळतो आणि शेजारच्या अनोळखी माणसाला ‘आमच्या लहानपणी’ ऐकवतो. २०१४ च्या मार्चमध्ये ग्रँट रोड स्टेशनाजवळचं बी. मेरवान हे इराणी हॉटेल आता मिटणार असं छापून आलं तेव्हा हेच झालं. १९१४ सालचं हॉटेल. शंभर वर्षांत दिसली नसेल एवढी माया त्याला शेवटच्या आठवड्यात दिसली. पुढे दुरुस्ती उरकून ते पुन्हा उघडलं आणि शोकाकुल मंडळींची पंचाईत झाली. एवढं रडून झाल्यावर आता पैसे देऊन नियमित जायचं की काय?

आपलं जुन्या हॉटेलांवर प्रेम आहे, याबद्दल वाद नाही. ते बिलात उतरत नाही, एवढीच तक्रार. एक चहा, एक ब्रून मस्का, दोघांत एक ऑम्लेट, चाळीस फोटो आणि दीड तास पंखा. गल्ल्यावरचा म्हातारा बघत असतो. तो काही बोलत नाही, कारण बोलला तर त्याचाही व्हिडिओ निघतो.

मग ही हॉटेलं टिकली कशी? ‘परंपरा, चव आणि तीन पिढ्यांची निष्ठा’ हे उत्तर पर्यटन पुस्तिकेत शोभतं. माझं उत्तर रुक्ष आहे. त्यांना भाडे कायद्याने टिकवलं.

दुसरं महायुद्ध संपलेलं, फाळणीचे लोंढे येताहेत, शहरात पाय ठेवायला जागा नाही आणि घरमालक तोंडाला येईल तो आकडा मागतोय. अशा वेळी १९४७ चा मुंबईचा भाडे कायदा आला आणि त्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. तात्पुरती. सरकार एखादी गोष्ट तात्पुरती म्हणालं की ती नातवंडांपर्यंत पुरते. मुदतवाढीवर मुदतवाढ घेत कायदा शतक संपेपर्यंत चालला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुनावलं की ही गोठलेली भाडी आता न्याय्य उरलेली नाहीत. त्यावर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याने मालकाला दर वर्षी ४ टक्के वाढ घ्यायची मुभा दिली. कशावर ४ टक्के? त्याच जुन्या भाड्यावर. आजोबांच्या काळातला आकडा नातवाला व्याजासकट मिळणार, फक्त व्याज चहाच्या भावाने.

त्याच कायद्याने बँका, सरकारी उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त वसूल भांडवलाच्या कंपन्या यांच्या डोक्यावरचं छत्र काढून घेतलं. गल्ल्यावरच्या इराण्याचं भांडवल म्हणजे काचेच्या बरण्या, खारीचे डबे आणि वेटरला दिलेली हाक. तो सुटला. भर फोर्टात, धोबी तलावावर, ग्रँट रोडला, जिथे आज कोपऱ्यावरच्या गाळ्याचा भाव ऐकून घसा कोरडा पडतो, तिथे तो वडिलांच्या नव्हे, आजोबांच्या भाड्यात बसलेला आहे. काही ठिकाणी महिन्याचं भाडं टेबलावरच्या चौघांच्या नाश्त्यापेक्षा कमी. तुमचा बन मस्का स्वस्त आहे तो इराण्याच्या दिलदारपणामुळे, असं तुम्हाला वाटत असेल तर वरच्या मजल्यावर जाऊन घरमालकाला विचारा. त्या मस्क्याची निम्मी किंमत त्याने भरलेली आहे. त्याला आजवर कुणी धन्यवाद दिलेले नाहीत. तो कुणाच्या रीलमध्येही नाही.

आणि पागडी. नव्या पिढीला समजावून सांगायचं तर: जागा विकत घेण्याइतके पैसे एकदम मोजायचे, जागा मात्र घ्यायची नाही. वर दर महिन्याला भाडं भरायचं. सोडताना पुढच्याकडून तशीच रक्कम घ्यायची आणि त्यातला वाटा, बहुधा तिसरा हिस्सा, मालकाच्या हातावर ठेवायचा. हे पन्नासेक वर्षं बेकायदा होतं आणि सगळे करत होते. १९९९ च्या कायद्याने ते कायदेशीर केलं, तेव्हापासून लोक निदान पावती मागतात. या व्यवहारात भाडेकरू हलत नाही, कारण हलला तर पुन्हा अशी जागा मिळायची नाही. मालक एक खिळा ठोकत नाही, कारण खिळ्याचा खर्च भाड्यातून निघत नाही. इमारत आहे तशी राहते. ‘इथे काळ थांबलाय’ असं ज्याला आपण मान वर करून, छताकडे बघत म्हणतो, त्याचं कारण इतकंच.

हे झालं टिकण्याचं. येण्याची गोष्ट जास्त चांगली आहे.

यझ्द आणि केरमान या इराणातल्या कोरड्या मुलखातून झरतुष्ट्री माणसं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला मुंबईत आली. पारशी आधीच येऊन शेठ झाले होते. हे नंतर आले म्हणून चहा करू लागले. हिंदू व्यापारी कोपऱ्याचा गाळा अपशकुनी म्हणून टाळायचे असं सांगतात, इराण्याने तोच घेतला. दोन रस्त्यांचा उजेड, दोन रस्त्यांचं गिऱ्हाईक आणि दोन्हीकडे दार. आपल्या अपशकुनावर दुसऱ्याने शतकभर धंदा केल्याचं इतकं ढळढळीत उदाहरण दुसरं नसेल.

त्या खुर्च्या बघितल्यात? बघितल्या असतीलच, फोटोत मागे दिसतात. वाकवलेल्या लाकडाच्या, पाठ गोल, वजनाला हलक्या. त्यांचं मूळ व्हिएन्नाच्या थोनेटच्या कारखान्यात आहे. बीच लाकडाच्या कांबी वाफेवर मऊ करून साच्यात वाकवायच्या, हे त्याचं कसब. १८५९ सालची त्याची १४ नंबरची खुर्ची म्हणजे लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट. सुटे भाग करून घनमीटरभर खोक्यात छत्तीस खुर्च्या मावायच्या, म्हणून ती जहाजाने जगभर गेली. पॅरिसच्या कॅफेत गेली, तशी त्या घराण्यातली खुर्ची मुंबईच्या कोपऱ्यावरही आली. युरोपात ती संग्रहालयात ठेवतात. आपल्याकडे तिच्यावर एक पाय दुमडून बसून बशीतून चहा पितात. जवळून पाहिलं तर मागच्या पायाला जिथे वळण आहे तिथे पॉलिश पार उडालेलं असतं, तिथे चार पिढ्यांनी टाच टेकली आहे. बैठकीचा वेत फाटला की त्यावर प्लायवूडचा गोल तुकडा ठोकायचा, त्याला हवेसाठी भोकं पाडायची. हा मुंबईचा हातभार. व्हिएन्नाला तो सुचला नसता असं नाही, पण शोभला नसता.

टेबलाला संगमरवरी माथा, नाहीतर चौकड्यांचं कापड आणि वर काच. काचेखाली मेनू, मेनूखाली झुरळाची शक्यता. भिंतीला आरसे, म्हणजे गल्ल्यावरून मागच्या टेबलावरचा माणूसही दिसतो. आणि सूचनांची पाटी. उगाच बसू नका, मोठ्याने बोलू नका, केस विंचरू नका. पुणेकरांना वाटतं पाटी ही आपली मक्तेदारी, पण धोबी तलावच्या बस्तानीच्या पाटीवरून निस्सीम इझिकेल यांनी कविता केली. पुण्यातल्या कुठल्या पाटीला एवढं भाग्य लाभलं? बस्तानी पुढे बंद झालं. कविता आहे.

त्याच चौकातलं कयानी १९०४ चं, जेर महाल नावाच्या लांबलचक जुन्या इमारतीच्या तळाशी. रस्त्यापलीकडचा मेट्रो सिनेमा १९३८ चा. म्हणजे मेट्रोतून सुटलेल्या पब्लिकची वाट कयानीने चौतीस वर्षं पाहिली.

आणि बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया. या हॉटेलावर इतकं लिहून झालंय की आता बेरी पुलावाबद्दल काही लिहायचं धाडस होत नाही. इराणहून येणारी ती आंबट लाल फळं भातात असतात आणि बिल आल्यावर ती मोजावीशी वाटतात, एवढं पुरे. मला तिथे जास्त रस इमारतीत आहे. अलेक्झांड्रा गोदी खणताना निघालेल्या मातीच्या भरावावर पोर्ट ट्रस्टने १९१४ ते १९१८ दरम्यान हा सगळा परिसर उभा केला. आराखडा जॉर्ज विटेट यांचा. इमारती वेगवेगळ्या मालकांच्या, पण दर्शनी रूप एकमेकांशी जुळेल असं, उंची सारखी, रांग सरळ. शिस्त म्हणजे काय ते पाहायचं असेल तर रविवारी तिथे फिरावं. (सोमवारी नको. सोमवारी तिथे दुहेरी पार्किंग असतं.) विटेट यांचंच गेटवे ऑफ इंडिया १९२४ मध्ये खुलं झालं. ब्रिटानिया १९२३ चं. म्हणजे गेटवे उघडण्याच्या आधीपासून हे हॉटेल लोकांना जेवू घालतंय. गेटवेला पोलिसांचा पहारा आहे, रोषणाई आहे, आणि तिथे एक माणूस जेवत नाही.

दिवंगत बोमन कोहिनूर सांगायचे की ‘ब्रिटानिया’ हे नाव वडिलांनी ठेवलं ते इंग्रज साहेबाकडून परवाना पटकन मिळावा म्हणून. परवाना लगेच मिळालाही म्हणे. आज परवाने देणाऱ्या टेबलांची संख्या पाहता प्रत्येकाला खूश करणारं नाव ठेवायचं तर पाटी बॅलार्ड इस्टेटपासून चर्चगेटपर्यंत जाईल. हे कोहिनूर २०१९ मध्ये सत्त्याण्णवाव्या वर्षी गेले. शेवटपर्यंत टेबलाटेबलाशी जाऊन ऑर्डर घेत आणि इंग्लंडच्या राणीकडून आलेलं पत्र, लॅमिनेट केलेलं, गिऱ्हाइकाला वाचून दाखवत. नव्वदी ओलांडलेला माणूस दुपारच्या गर्दीत स्वतः येऊन ‘काय घेणार?’ विचारतो आणि बसलेला पंचविशीतला इसम मोबाइलमधून मान वर न काढता ‘भैया, एक मिनिट’ म्हणतो. ही पिढी वारसा जपायला निघाली आहे.

जपण्याचं सरकारी कामही चालू आहे. मुंबईत वारसा नियमावली १९९५ सालीच आली, देशात पहिली. इमारतींना दर्जे मिळाले: पहिला, दुसरा अ, दुसरा ब, तिसरा. कमिटी बसली. खिडकीची चौकट लाकडाचीच हवी, कमानीचा रंग अमुकच हवा, दर्शनी भागावर फलक एवढाच हवा, यावर ती बारकाईने बोलते आणि ते योग्यच आहे. पण कमानीखाली शंभर वर्षं काय शिजतंय याचा रकाना त्या कागदात नाही. विटेला दर्जा आहे, वाटीला नाही. उद्या इराणी गेला आणि त्या कमानीखाली मोबाइलचं झगझगीत दुकान आलं, तर दुकानाची पाटी ठरलेल्या मापाची आहे ना, एवढंच तपासलं जाईल. ब्यूनॉस आयर्सने १९९८ मध्ये आपल्या नामांकित जुन्या कॅफेंची कायद्याने यादी केली, त्यांना मदत करायची सोय केली. आपणही याद्या करतो. ‘मरण्यापूर्वी खायच्या दहा जागा’. कुणाच्या मरण्यापूर्वी, ते मोघम ठेवलेलं असतं.

कायद्याने जपलेल्या इमारतीचं पुढे काय होतं हे काळा घोड्याजवळच्या एस्प्लनेड मॅन्शनला विचारावं. हे मूळचं वॉटसन हॉटेल. १८६० च्या दशकात इंग्लंडात ओतलेले लोखंडी खांब आणि तुळया जहाजाने आणून इथे जोडल्या. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं मुंबईने पहिल्यांदा पाहिली ती याच इमारतीत. म्हणजे हिंदी सिनेमाची पाळणादोरी इथली. हॉटेल गेलं, गाळे पडले, भाडेकरू आले. कोर्ट जवळ असल्यामुळे त्यात वकील भरपूर. भाडेकरू वकील, भाडं गोठलेलं, मालक हतबल: अशा इमारतीला भूकंपाची गरज नसते. २००५ मध्ये एक भाग कोसळला, त्याच सुमारास जगातल्या शंभर धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत नाव आलं, याद्या होत राहिल्या आणि २०१९ मध्ये इमारत रिकामी करावी लागली. त्या भाडे कायद्याने तळमजल्यावरचे चहाचे कप वाचवले आणि वरचे सज्जे खाल्ले. दोन्ही एकाच कायद्याने. घरमालकाला खलनायक करून सुटता येत नाही आणि भाडेकरूलाही. म्हणून या विषयावर मोर्चा निघत नाही.

दरम्यान बाजाराने आपला मार्ग काढला आहे. जुनं टिकवणं महाग, नवं जुनं करणं स्वस्त. हमरस्त्यावर, मॉलमध्ये, विमानतळावर ‘इराणी’ हॉटेलं निघाली आहेत. भिंतीला मुद्दाम पोपडे, आरशावर मुद्दाम डाग, खुर्च्या वाकवलेल्या (साच्यातल्या प्लॅस्टिकच्या), आणि पाटीवर विनोदी सूचना. चहा दोनशे रुपये. गल्ल्यावर म्हातारा नाही, तेवढा माल अजून बाजारात आलेला नाही. पुण्याने यात आघाडी घेतली. पेठेतले खरे वाडे पाडून त्या जागी इमारती बांधल्या आणि मग त्या इमारतींच्या तळमजल्यावर ‘वाडा’ नावाची हॉटेलं काढली: फायबरची तुळस, दाराला पितळी कडी, वेटरच्या डोक्यावर पुणेरी पगडी. आणि मूकपटांच्या जमान्यातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी १९३५ मध्ये लक्ष्मी रस्त्यावर सुरू केलेलं पूना गेस्ट हाऊस कुठे आहे, हे त्याच फायबरच्या तुळशीशेजारी बसलेल्या दहाजणांना विचारून पाहा.

इराण्याच्या पाठीमागे भट्टी असते, तिच्याबद्दलही दोन शब्द. ब्रूनचं कवच कडक होतं ते लाकडाच्या भट्टीत, असं भट्टीवाला सांगतो. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. ‘आता पावाची चव गेली!’ असा हंबरडा लगेच फुटला. फोडणाऱ्यांत बहुतेक असे की ज्यांच्या घरी पाव आदल्या दिवशी ॲपवरून येतो आणि फ्रिजमध्ये राहतो. हवा स्वच्छ व्हायलाच हवी, फुप्फुसंही वडिलोपार्जित आहेत. पण शहराच्या हवेतला धूर मोजायला बसल्यावर पहिली सापडली ती पाववाल्याची चिमणी, आणि रस्त्यारस्त्यांवर खणाखणीची धूळ उडवणारे जे शेकडो टॉवर आहेत ते नंतर बघू, याचं मला कौतुक वाटतं.

टॉवरचं नाव निघालंच आहे तर इराणी हॉटेलाचा खरा शेवट कसा होतो ते सांगतो. बातमी येऊन, गर्दी होऊन, अश्रू ढाळून होत नाही. इमारत जुनी, उपकरप्राप्त. म्हाडाची नोटीस लागते, टेकू लागतात, मग विकासक येतो. पुनर्विकासाचा नियम ३३(७). तळमजल्यावरच्या बिगरनिवासी भाडेकरूला जुन्याइतकीच जागा द्यायची. इराणी सही करतो. का करू नये? मुलगा टोरांटोत आहे, मुलीला पहाटे चारला पाव मोजण्यात रस नाही आणि टेकूला वळसा घालून चहा नेताना वेटर दोनदा पडलाय.

जागा मिळते. क्षेत्रफळ तेवढंच, इंचाचाही फरक नाही. फक्त कोपरा मिळत नाही, कोपऱ्यावर विक्री कार्यालय येतं. छत खाली येतं. भट्टीचा प्रश्न सुटलेलाच असतो. रस्त्याकडचं दार सुरक्षेच्या कारणाने बंद, गिऱ्हाइकाने लॉबीतून यायचं, वहीत नाव-नंबर लिहून. एका चहासाठी.

मग सोसायटीची पहिली सर्वसाधारण सभा. तिची विषयपत्रिका मला आत्ताच दिसते. विषय एक: तळमजल्यावरील हॉटेलातून येणारा खिमा आणि ऑम्लेटचा वास. विषय दोन: इमारतीला ऐतिहासिक ओळख मिळावी यासाठी लॉबीत जुन्या इराणी हॉटेलाचा काळा-पांढरा फोटो, आठ बाय पाच फूट, प्रकाशयोजनेसह. पहिल्या विषयावर दीड तास वाद होऊन मांसाहारी पदार्थांना बंदी बहुमताने मंजूर. दुसरा एकमताने. अनुमोदन इराण्याचं.